चौदाव्या रकान्यातलं शून्य

धर्मेंद्रला मोजायचा भारी सोस. अकोल्याच्या एमआयडीसीत सरकीच्या तेलाची एक गिरणी आहे, तिथल्या बॉयलरवर त्याने एकोणीस वर्षं काढली आणि वाफेचा दाब, पाण्याची पातळी, कोळशाच्या पाट्या, जे दिसेल ते मोजलं. त्याची बायको साधना म्हणायची, या माणसाला कुकरच्या शिट्ट्या विचारा, आत काय शिजतंय ते विचारू नका. धर्मेंद्रला त्याचा राग यायचा नाहीच. उलट चारचौघांत हसत हसत तोच हे सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी गिरणीने कोळसा सोडला आणि बॉयलरमध्ये पऱ्हाटी जाळायला घेतली. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात ती कपाशीची वाळकी झाडं. कंपनीचं मशीन गावोगाव फिरून शेतातच त्यांचा भुगा करतं आणि तो ट्रॉल्या भरून गिरणीत येतो. मालकांना परदेशातलं मोठं गिऱ्हाईक धरायचं होतं. त्या गिऱ्हाइकाची अट अशी, की नुसता धूर कमी केला एवढ्यानं भागणार नाही, तो कमी करताना कोणाच्या पोटावर पाय तर आला नाही ना, तेही मोजून दाखवा. आता मोजायचं म्हटल्यावर गिरणीत दुसरं होतं कोण? धर्मेंद्रच्या टेबलावर लॅपटॉप आला, दारावर नावाची पाटी लागली आणि आमचा गडी जमिनीपासून वीतभर वर चालायला लागला.

फॉर्म बावीस रकान्यांचा होता. कोळसा टाकणारे चौघे होते, त्यांना धर्मेंद्रने स्वतः खपून नवं काम शिकवलं, एकालाही घरी बसू दिलं नाही. ते खरंच चांगलं केलं त्याने. पण पठ्ठ्याने सगळं मोजलं ते गेटच्या आत. चौदाव्या रकान्यात विचारलं होतं, या बदलामुळे काम किंवा साधन गेलेली माणसं किती? त्याने ठोकून शून्य लिहिलं. पऱ्हाटी आधी कशाच्या कामी येत होती, या प्रश्नापुढे लिहिलं, टाकाऊ, शेतात पडून वाया. शंभरात एक्याण्णव गुण पडले. शाल मिळाली, नारळ मिळाला आणि त्याचा फोटो साधनाच्या विरोधाला न जुमानता बैठकीत लागला.

मग कळलं की गिऱ्हाइकाकडून पडताळणीला रश्मी नावाच्या मॅडम येणार आणि गावात जाऊन पाच माणसांशी बोलणार. गाव धर्मेंद्रने निवडायचं. त्याने अंजनगाव सुर्जीजवळचं स्वतःचंच गाव निवडलं आणि यादीत पहिलं नाव टाकलं आईचं, मनकर्णाचं. आपली माणसं आपल्याबद्दल वाईट थोडीच बोलणार, हा त्याचा हिशेब.

आठ दिवस आधी तो एसटीने गावी गेला. घराला कुलूप. दुपारी माय आली ती नाल्याकडून, डोक्यावर बाभळीच्या काट्यांचा भारा घेऊन. धर्मेंद्र चिडला. गॅस घेऊन दिला ना, मग हे कशाला? मायने भारा टाकला आणि सांगितलं की टाकी चहापुरती पुरते, आंघोळीचं पाणी अन् भाकरी त्यावर केली तर महिनाही जात नाही. पऱ्हाटीचं विचारलं तेव्हा म्हणाली की ते संपलं. आधी गावातल्या सतरा बाया मिळून शेतकऱ्याचं वावर उपटून साफ करून द्यायच्या आणि उपटलेली पऱ्हाटी त्यांची व्हायची. वर्षभराची चूल निघायची. आता मशीन येतं, वावरवाला म्हणतो बायांचं काम नाही.

आणि यावर हा शहाणा काय बोलला असेल? म्हणाला, माय, ते मशीन आमच्याच कंपनीचं हाय!

मायचा चेहरा खुलला. "तुह्या कंपनीचं हाय? मंग बरं हाय," म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

परतीच्या एसटीत त्याला स्वतःचीच लाज वाटली. लहानपणी पऱ्हाटीचे भारे त्यानेच वाहिले होते. त्याच चुलीवरच्या भाकरी खाऊन तो आयटीआय झाला आणि फॉर्मवर लिहून आला, टाकाऊ! आता आकडा दुरुस्त करावा तर गुण कमी होणार, गिऱ्हाईक बिचकणार, दारावरची पाटी निघणार, कदाचित नोकरीही. पुढच्या सात दिवसांत या शूरवीराने ती फाइल सात वेळा उघडली आणि सात वेळा बंद केली.

ठरल्या दिवशी धर्मेंद्र रश्मी मॅडमना घेऊन गावी आला. मायने बाजेवर धुतलेली चादर अंथरली, चहा दिला. मॅडमनी साधंच विचारलं, की आजी, कंपनी पऱ्हाटी न्यायला लागल्यापासून तुमचं काही गेलं का? माय एकदा लेकाकडे पाहून घेऊन म्हणाली, "काईच नाई गेलं बाई. माह्या लेकाची कंपनी हाय. लय चांगली हाय."

मॅडमनी शून्य लिहिलं. धर्मेंद्रचे कान तापले. बेचाळीस वर्षांचा बाप्या आईच्या पदराआड लपला होता आणि ती त्याला लपवत होती. त्याला ते सोसलं नाही.

"मॅडम, खोडा ते," तो म्हणाला. "माय माह्यासाठी खोटं बोलून राहिली. तिची पऱ्हाटी गेली, कामबी गेलं. अन् फॉर्मवरचं शून्य मीच लिहिलं होतं."

माय भडकली. नोकरी जड झाली का, पोरीचं शिक्षण व्हायचं आहे, आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतो का, असं तिने मॅडमसमोरच त्याला धुवून काढलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला, पण बोललेलं त्याने मागे घेतलं नाही. मॅडमनी हळूच विचारलं, मग चौदाव्या रकान्यात एक लिहू का?

 मायने एकदा लेकाकडे पाहिलं, मग मॅडमच्या कागदाकडे.

"एक कायले? सतरा लिहा," ती म्हणाली. "पहिले सुंदराबाई लिहा. तिच्या घरी तं गॅसबी नाई."

मग ती एकेक नाव सांगू लागली. रकान्यात जागा नव्हती, म्हणून धर्मेंद्रने सोबत आणलेला लॅपटॉप मांडीवर घेतला आणि खाली नवं पान उघडून लिहीत गेला. सतरावं नाव झालं तसं त्याने विचारलं, झालं का सगळं?

"आपल्या गावचं झालं," माय म्हणाली.