प्रश्न आणला का?

रोमपासून बजाजनगरापर्यंत माझ्या सासऱ्यांच्या तोडीचा धर्मशिक्षक झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते, आणि सून असून सांगते. मामांनी (आम्ही सुना सासऱ्यांना मामाच म्हणतो) ऐन उमेदीत देवगाव रंगारीच्या आसपासची खेडी सायकलवर पालथी घातली, प्रार्थना शिकवत. म्हातारपणी मामा आणि सासूबाई बजाजनगरात आमच्याकडं राहायला आले, तर दर रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे मोठी उपासना, झाली की आमच्या गच्चीवर कामगारांची पोरं गोळा. वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायची, म्हणजे पहिलं कम्युनियन करायचं, तर चिठ्ठीवर मामांची सही लागायची. आणि धर्माच्या पुस्तकातली प्रश्नोत्तरं नुसती घडाघडा म्हणणाऱ्याला सही मिळत नसे. मामा म्हणायचे, "उत्तरं पुस्तकात हायेत, ती कुठं पळून जात नायत. मला उत्तर येत नाय असा प्रश्न आण."

मग पोरं आठवडाभर प्रश्न शोधत हिंडायची. देव सगळीकडं आहे तर चर्चला कशाला जायचं, असं एकानं विचारलं. मामा म्हणाले, "पाणीबी जमिनीत सगळीकडं हाय. तरी घागर घेऊन विहिरीवरच जातो ना? ये पुढच्या रविवारी." एका चुणचुणीत पोरीनं विचारलं, बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघं मिळून एकच देव कसा? मामांनी तिथल्या तिथं सही ठोकली. "पन्नास वर्षं शिकवतोय, मला नाय कळलं." पुढच्या रविवारी सगळा वर्ग तोच प्रश्न घेऊन हजर. तो वापरून झालाय, म्हणून मामांनी सगळ्यांना परत पाठवलं.

यात माझीच लेक अडकली. पांढरा फ्रॉक शिवून तयार, देवगावचे पाहुणे सांगून झालेले, चार दिवस उरलेले आणि हिला प्रश्न सुचेना. मी चिडून म्हटलं, "मामा, घरचीच पोर आहे, करा की सही."

"घरची हाय म्हणून तर नाय," मामा शांतपणे म्हणाले. मी भांडी आदळली.

त्याच संध्याकाळी ते तिला कन्फेशन शिकवत होते. पाप फादरला सांगायचं, ते फादर कुणाला सांगत नाहीत. पण ज्याला दुखवलं त्याची माफीसुद्धा आपणच जाऊन मागायची. लेकीनं विचारलं, "आजोबा, पप्पा जन्मले तेव्हा तुम्ही दुसऱ्या गावात प्रार्थना शिकवत होता ना? आजी एकटीच होती. तुम्ही तिची माफी का नाही मागितली?"

आत सासूबाईंचा भाकरी थापायचा आवाज थांबला. मामांनी तिची चिठ्ठी पुढं ओढली. मग म्हणाले, "याचं उत्तर माझ्याजवळ नाय." आधी चिठ्ठीवर सही केली, मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं भाकरी करपल्याचा वास आला. मी मात्र आत गेले नाही.

रविवारी लेक वेदीपुढं उभी राहिली तेव्हा मला तिचा अभिमान वाटला, पण खरं सांगू, मामांचा जास्त वाटला. आता मामा नाहीत. त्या दिवशी ते काय बोलले, हे मी सासूबाईंना कितीदा तरी विचारलं. त्या पिठाचा हात तसाच ठेवून म्हणतात, "ते कन्फेशन व्हतं, बाई. सांगायचं नसतं."