बसले, पण उठू कशी?

डिझाइन कॉलेजात त्यांना सगळे मोजपट्टीबाई म्हणत. सव्वीस वर्षं फर्निचर शिकवताना त्यांनी एकही रेघ अंदाजाने मारू दिली नव्हती.

त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना काम दिलं : म्हाताऱ्या माणसासाठी अंघोळीचं स्टूल. मुदत दोन आठवडे. दुसऱ्याच दिवशी वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी चाळीस चित्रं घेऊन हजर! एआयला चार ओळी लिहून सांगितलं आणि त्याने काढून दिली. चित्रं इतकी देखणी की बाईंच्याही तोंडून 'वा' निघून गेलं. आणि लगेच मनात आलं, मग आपण इथे कशाला?

शिक्षकांच्या बैठकीत दोन तट पडले. चित्रकलेचे सर म्हणाले, "सरळ बंदी घाला. मुलांचे हात कामातून जातील."

कॉम्प्युटरचे सर हसले. "घाला की! घरी जाऊन वापरतीलच."

प्राचार्यांनी बाईंकडे पाहिलं.

"मला पंधरा दिवस द्या," बाई म्हणाल्या. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

हे चारचौघांत कबूल करणं त्यांना जड गेलं. पण सत्तावन्नाव्या वर्षी त्या वही घेऊन त्याच मुलीसमोर बसल्या. "शिकव मला." चार दिवसांत शिकल्याही. मग म्हणाल्या, "आता तुझ्या चाळीसातलं एक निवड आणि खऱ्या मापात बनव."

मुलीने प्लायवूडचं स्टूल बनवलं. बाईंनी ते तिच्यासकट घरी नेलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई त्यावर बसल्या आणि बसूनच राहिल्या.

"बसले गं बाई. पण आता उठू कशी? हात कुठे टेकू?"

मुलगी लाजेने लाल झाली.

"हे काढणाऱ्याचे गुडघे कधी दुखले नसावेत," सासूबाई म्हणाल्या आणि तिघीही हसल्या.

मुलीने टेप मागून घेतली. दोन तास ती आजींच्या पायाशी बसून मापं घेत होती, प्रश्न विचारत होती. नंतर तिने एआयकडून पुन्हा तीस चित्रं काढून घेतली. एकोणतीस खोडली आणि प्रत्येकाखाली का खोडलं ते लिहिलं.

ते कागद बाईंनी बैठकीत टेबलावर मांडले. "बंदी नको. पण ज्याच्यासाठी वस्तू आहे त्याला भेटायचं, वस्तू बनवून त्याला वापरायला द्यायची आणि काय नाकारलं ते लिहायचं. मार्क त्याचेच."

"आणि हात?" चित्रकलेच्या सरांनी विचारलं.

"पहिलं वर्ष फक्त पेन्सिल. तिथे मी तुमच्या बाजूने."

"तपासायला तिप्पट वेळ लागेल, मॅडम," प्राचार्य म्हणाले.

"लागू दे."

एका वर्षापुरती मंजुरी मिळाली. मुलांनी कुरकुर केली, काही पालक भांडायला आले. बाई तसूभरही हलल्या नाहीत. वर्षअखेरीस परीक्षेलाही स्टूलच होतं; वर्गातल्या एकोणीसपैकी अकराच स्टुलांवरून माणसं धड उठली. बाईंनी अकराच जण पास केले. उरलेल्या आठांना सुट्टीत वर्कशॉपमध्ये बोलावलं आणि पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी स्वतः जाऊन कुलूप उघडलं.