मिस्त्रींचा मीटर

आर्णीच्या बाजारात एक म्हातारे मिस्त्री बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पाणी नीट तापेना, म्हणून हीटरचा रॉड त्यांच्याकडे नेला.

"बायकोनं बिघडवला," मी म्हटलं.

त्यांनी रॉड बादलीत सोडला, मीटर लावला आणि खोक्यावर सावकाश आकडे मांडले. "व्होल्टेज एकशेसाठ, करंट चार अँपिअर. भागले तर चाळीस ओहम, म्हणजे रॉड चांगला हाय. गुणले तर सहाशे चाळीस वॅट. पुरी दोनशे तीसची लाइन आली तर हाच तेराशे देते." मग मान वर करून म्हणाले, "साऱ्या गावातच लाइन कमी हाय, याले कमी भेटून राह्यलं, भाऊ. बाईवर काहून चिडता?"

घरी येऊन बायकोला म्हटलं, "चुकलो मी. व्होल्टेजच कमी हाय."

ती म्हणाली, "मी कालपासून तेच सांगून राह्यली."

तिचं म्हणणं पटायला मला मिस्त्रींचा मीटर लागला होता.