आजीच्या नावावरचं ‘हो’

माझी मावशी तरुणपणी दारोदार फिरून लोकांची मतं गोळा करायची. युद्ध तेव्हा पहिल्यांदाच टीव्हीवर दिसत होतं. ‘युद्ध चालू राहावं का?’ एवढं विचारायचं आणि ‘हो’ किंवा ‘नाही’च्या चौकटीत खूण करायची. ‘सांगता येत नाही’ला चौकटच नव्हती. शनिवारपर्यंत साठ फॉर्म भरलेच पाहिजेत. लोक बातम्या सोडून उठायला तयार नसत. दाराशी आले तरी मान मागे, टीव्हीकडे. गप्प राहणाऱ्यांचं काय करायचं, असं फॉर्म भरणाऱ्या पोरींनी विचारलं तेव्हा त्यांचे साहेब म्हणाले, मौन म्हणजे संमती. झालं! शंभरातले एकाहत्तर लोक युद्धाच्या बाजूचे निघाले.

तो आकडा गेली चाळीस वर्षं पुस्तकापुस्तकांतून फिरतोय. मी कॉलेजात इतिहास शिकवते, माझ्या प्रबंधाचा अख्खा तिसरा भाग त्याच्यावरच उभा. मुलांना घसा कोरडा होईस्तोवर सांगते की मूळ कागद बघा, त्या काळातला कागद मोठा, नंतरची आठवण लहान. आणि स्वतः त्यातला एकही फॉर्म डोळ्यांनी पाहिला नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

मग मावशी अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिने मला उशाशी बसवून सांगितलं, त्या साठांतला एक फॉर्म घरचाच होता. आजीचा, म्हणजे तिच्या आईचा. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, तेव्हा आघाडीवर होता. आजी रोज संध्याकाळी टीव्हीला नाक लावून बसायची, कुठे लेकाचा चेहरा दिसतो का बघायला. त्या शनिवारी एक फॉर्म कमी पडत होता. मावशीने प्रश्न वाचला. आजी ‘अगं, माझा...’ म्हणून थांबली, आणि मावशीने ‘बरं बरं, कळलं’ म्हणत ‘हो’वर खूण केली. अकरा दिवसांनी मामा गेल्याची तार आली.

"ते ‘हो’ काढ," मावशी म्हणाली. "माझे डोळे मिटायच्या आत काढ."

सांगायला काय जातं! तरी गेले. जुने कागद ठेवतात त्या कचेरीत चार दिवस धूळ खाल्ली. मावशीला पक्कं आठवत होतं की शेऱ्याच्या रकान्यात तिने ‘उत्तर अर्धवट’ असं लिहिलंय. तेवढे दोन शब्द सापडले तर सगळं मार्गी लागणार होतं. चौथ्या दिवशी फॉर्म सापडला. आजीचं नाव, वय, मावशीचं वळणदार अक्षर, ‘हो’वर ठसठशीत खूण. शेऱ्याचा रकाना कोरा. कागद उलटा केला, उजेडाला धरला, शेजारचे सगळे फॉर्म उपसले. काही नाही. मला तिथे बसल्या बसल्या रडू फुटलं, आणि मावशीचा असा राग आला की विचारू नका.

प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी माझीच विद्या माझ्या गळ्यात घातली. आजारी बाई, चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यात रकान्याबाबत चुकलेली. कागद ‘हो’ म्हणतोय. फार तर तळटीप द्या, म्हणाले. मी दिली, आणि घरी येऊन मावशीला वाचून दाखवली: ‘पाहणी करणाऱ्या एका महिलेचे म्हणणे वेगळे आहे, त्यास पुष्टी मिळाली नाही.’

पुष्टी म्हणजे काय गं, तिने विचारलं. म्हणजे आणखी कुणीतरी तेच सांगायला हवं, मी म्हटलं.



"होती ना एक," मावशी म्हणाली. "तिला मीच बोलू दिलं नाही."

त्याच आठवड्यात ती गेली. प्रबंध मंजूर झाला. आजी अजून त्या एकाहत्तरांतच आहे.