समाचाराला आलेली माणसं

रेवसच्या धक्क्यावरून निघून मिठागरांचे बांध मागे पडेपर्यंत ठमाबाई दोनदा ठेचकाळली होती. डोक्यावर औषधांची पिशवी, आणि चालता चालता डोळे मिटत होते. मुंबईहून एकाच लाँचने आलेल्या, एस.टी. चुकलेल्या, गावच्या शाळेत शिकवणाऱ्या पद्माबाई शेजारून चालत होत्या. ठमाबाईचा तोल गेला तेव्हा त्यांनीच तिचा दंड धरला.

"झोप न्हाय, बाई. दुसरं काय न्हाय."

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात तिचा नवरा दादू गिरणीतून घरी आला, तंबाखू धरायच्या गालातच कॅन्सर घेऊन. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून जखम धुणं, पेज भरवणं, भातशेती, सगळं हिच्या एकटीच्या अंगावर. त्याबद्दल तिची कुरकुर नव्हती. ती देवाने सोपवलेली सेवा, असं पद्माबाई धरून चालत. पण हे समाचारवाले देवाने कशाला सोपवले, ते त्यांना उमगत नसे.

आजाऱ्याचा समाचार घ्यायची गावाला मोठी हौस. हात हलवत यायचं, ओटीवर मांडी ठोकायची, हळहळायचं आणि चहाची वाट बघायची. दादूचा डोळा लागला म्हणून हिने अंग टाकावं, तर दारात वहाणा वाजल्याच!

दोघी घरी पोचल्या तेव्हा ओटी भरलेली होती. दीर रावजी मध्ये पान जमवत बसलेला.

"आली गो वैनी! च्या टाक. मंडळी कवाची बसलीत."

"त्यांचं फडकं बदललं?"

"त्यातलं आमाला काय कलतंय? पण दादाला एकटा सोडला न्हाय हां!"

आत दादू एकटाच होता, गालावरच्या माश्या हाताने वारत.

"तोंड सुकलंय गो तुझं," रंगूकाकी ओटीवरून कळवळली. "जीवाला जप. आनि माज्यात साखर जरा जास्ती घाल."

पद्माबाईंना त्या कळवळ्याची शिसारी आली. ठमाबाईने फडकं बदललं, हात धुतले, आधण ठेवलं आणि चुलीपाशीच भिंतीला टेकली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुमी देवधर्माच्या. तुमचा शब्द गावात कोन खोटा मानत न्हाय. डाक्तर बोलला, ह्यो रोग कुनाला लागत न्हाय. तुमी भायेर जाऊन तेवडं सांगा, लागतो म्हनून."