कसा म्हणजे खुला

स्कूटरचा तुटलेला स्टँड जोडून घ्यायला गोहलपुरात गेलो होतो. पांढऱ्या दाढीच्या वेल्डरनं ऑक्सिजनच्या सिलिंडरवर रेग्युलेटर बसवला, त्याचा स्क्रू पार ढिला केला, मला मीटरसमोरून हटवलं आणि स्वतःचं तोंड फिरवून सिलिंडर हळूच उघडला. तरी नळीकडच्या मीटरचा काटा चढूनच राहिला होता. मला वाटलं, स्क्रू कसला की बंद होईल. घाबरून हात घातला. त्यानं माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं सिलिंडर बंद केला.

"नल नहीं है, भैया. इसमें कसा मतलब खुला."

म्हणजे मी स्क्रू कसला असता तर ऑक्सिजन आणखीच जोरात आला असता. रेग्युलेटर खराब झालाय, आज काम होणार नाही, असं तो अगदी शांतपणे सांगत होता. मनगट मात्र त्यानं अजून सोडलं नव्हतं.