किड्यांसाठी सोडलेलं लायसन

निपाणीच्या बाजारात भूपालअण्णांचं औषधाचं दुकान सगळ्यांना माहीत आहे, पण तिथून औषध घेतलेले लोक त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. त्या औषधात भांग असे. आयुर्वेदात तिला विजया म्हणतात, आणि तिचा पाला औषधासाठी साठवायचा तर सरकारचं लायसन लागतं. अण्णांकडे ते वडिलांच्या वेळेपासून होतं, महावीरांच्या तसबिरीखाली काचेत लावलेलं. टारगट पोरं दारातून विचारत, "अण्णा, सरकारमान्य गोळी हाय काय?"

अण्णा मान वर न करता म्हणत, "हाय की. आधी तुझ्या बाला घेऊन ये. तुझं कुठं दुखतंय ते त्यो सांगंल."

स्वतः त्यांनी ते औषध कधी जिभेवरही ठेवलं नाही. पक्के जैन. कुठलीही नशा वर्ज्य, रात्रीचं जेवण वर्ज्य, मधसुद्धा वर्ज्य. पोथीत जिथे मध सांगितला आहे, तिथे ते खडीसाखरेचा पाक घालत. परराज्यातून पाल्याची शिक्का मारलेली पोती येत. पाला फडक्यात बांधून, हिरवं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि गाईच्या तुपात मंद भाजायचा. तो वास आमच्या माडीपर्यंत येई. माझ्या यजमानांना शेवटच्या दुखण्यात त्या औषधानंच झोप लागायची, म्हणून मला त्या वासाचा कधी राग आला नाही.

अलीकडे ते औषध घेणाऱ्यांत नागुबाई होती. आयुष्य तंबाखूच्या वखारीत पानं निवडण्यात गेलेली, आमच्या मागच्या बोळातली. जबड्याचं ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण कळ राहिली. दवाखान्यातल्या गोळ्यांनी तिला उलट्या व्हायच्या. बाजारातलं तयार विजयाचं तेल दिलं, तर भिंत धरून चालायची वेळ आली. अण्णांनी मात्र थोडं कमी, थोडं जास्त करत तिच्यापुरतं माप बसवलं. ती तोंडाच्या एका बाजूनं बोलत असे, पण बोलायची कमी नव्हती. "जलमभर तंबाकू निवडली, आन् आता भांग खाऊन निजतोय," ती सांगे. "देवाघरी गेल्यावर चित्रगुप्त इचारंल, बाई, तू शुद्धीवर कवा हुतीस?"

गेल्या आषाढात अण्णा एक इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आले. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, त्यामुळे बोळातली इंग्रजी पत्रं माझ्याकडेच येतात. पूर्वी विजयाचं काम मोजक्या वैद्यांचं होतं. आता तेलं आली, गोळ्या आल्या, मोठ्या कंपन्या आल्या. म्हणून सरकारनं नव्या अटी घातल्या होत्या, आणि त्या कारखान्याला आणि अण्णांच्या खोलीला सारख्याच होत्या. कुलपं, कॅमेरा, तपासणी, हे सगळं अण्णांनी मान हलवत ऐकलं. मग मी वाचलं की साठ्याच्या खोलीत ठराविक मुदतीनं पेस्ट कंट्रोल झालं पाहिजे आणि त्याचं सर्टिफिकेट लावलं पाहिजे.

"म्हणजे औषध मारायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. किडे मारायचं."

पावसाळ्यात पाल्याला बारीक तांबूस किडे लागतात. अण्णा रोज सकाळी मऊ कुंचल्यानं ते सुपात झाडत आणि घरामागच्या परड्यातल्या आंब्याखाली नेऊन सोडत. त्यात त्यांचा निम्मा दिवस जाई.

त्यांचा पुतण्या जिनेंद्र, तोच दुकानाचा हिशेब बघतो, त्याच्याकडे तोडगा तयार होता. "काका, नुसतं सर्टिफिकेट आणू. फवारणी करायचीच नाही. लई जण तसंच करत्यात."

"म्हणजे हिंसा नको म्हणून खोटं बोलायचं?"

"मग तुमी काय ते ठरवा! दोन्ही हातांत व्रतं धरल्यावर कुलूप कशानं उघडायचं माणसानं?"

अण्णांनी काहीच केलं नाही. आपलं काम स्वच्छ आहे, येणारा माणूस डोळ्यांनी बघेल आणि समजून घेईल, अशी त्यांची समजूत होती.

श्रावणात तपासणी झाली. आलेल्या अधिकारी सौम्या मॅडम वयानं लहान, धारवाडकडच्या. मराठी बोलत, मध्येच कन्नड येई. अण्णांनी मला पत्रं समजावायला बोलावून घेतलं होतं. मॅडमनी रजिस्टर उघडलं. पेस्ट कंट्रोलच्या रकान्यात अण्णांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: केले नाही. किडे सुपात झाडून परड्यात सोडले.

बरोबरचा शिपाई फिसकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. "अण्णा, असं कुणी लिहितं का?"

"केलं तेच लिवलं."

"बरं. सोमवारी कंपनीचा माणूस पाठवते. तुम्ही घरी बसा. तुम्ही काही मारणार नाही, बघणारसुद्धा नाही." त्यांनी कागद पुढे केला. "इल्ली सही माडि. एवढी सही करा, बस्स."

"मॅडम, आमच्यात स्वतः मारणं, दुसऱ्याकडनं मारवणं आणि मारणाऱ्याला संमती देणं, तिन्हीचं पाप सारखं. ही सही म्हणजे संमतीच की."

"आणि तुमच्या पेशंटच्या पोटात किडे गेले तर?"

"एक जाणार न्हाय. पान न् पान बघतो मी."

"तुम्ही बघता. मला दिसतंय ते. पण उद्या दुसरा कुणी न बघता हेच सांगेल. त्याला कशी अडवू?" त्या खरोखरच विचारत होत्या असं मला वाटलं. "आणि तुमचं औषध बंद झाल्यावर ज्यांना दुखेल, त्यांचं काय?"

अण्णांनी कागद हळूच परत सरकवला.

लायसन रद्द झालं, खोलीला सील लागलं. नियमाप्रमाणे किडलेला साठा जाळायचा होता. जाळण्याआधी मॅडमनी अण्णांना थोडा वेळ खोलीत जाऊ दिलं. तेवढ्यात त्यांनी दोन सुपं भरून किडे झाडून बाहेर नेले. बाकीची पोती सरकारी माणसांनी गावाबाहेर नेऊन किड्यांसकट पेटवली.

नागुबाईची बाटली नारळी पौर्णिमेच्या सुमारास संपली. जिनेंद्रनं दुसऱ्या कंपनीचं तेल आणून दिलं. दोनच दिवसांत ती न्हाणीघरात पडली, मग तेही बंद केलं. रात्री तिचं कण्हणं आमच्या मागच्या खिडकीत ऐकू येई. अण्णांचं परडं त्याच बाजूला आहे, त्यांनाही ऐकू येत असणार. ते बस्तीत, त्यांच्या जैन मंदिरात, जास्त वेळ बसू लागले.

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं, की आमचे जैन शेजारी घरोघर जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. त्या दिवशी मी नागुबाईकडे पेज घेऊन गेले होते. अण्णा दारात येऊन उभे राहिले, हात जोडलेले.

"नागुआक्का, वर्षभरात माझ्याकडनं तुला काय दुखापत झाली असंल तर क्षमा कर."

तिनं पदरानं गाल दाबून धरला होता. "वर्षभराचं सोड रं. कालची रात इचार."

अण्णांनी जोडलेले हात खाली घेतले.

"किड्यांकडं गेलतास काय माफी मागाय?"

"ते जळाले, आक्का."

"व्हय? मंजे त्येबी गेलं आन् माजी झोपबी गेली." ती हसायला गेली आणि कळ येऊन थांबली. "मग तू वाचीवलंस कुणाला? मी न्हाय माफ करत. औषध घेऊन ये, मग बगू. आन् जाताना दार लोटून घे, वारं लागलं की गाल पेटतोय."

अण्णांनी दार लोटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते बेळगावला गेले. संध्याकाळी दिवस मावळायच्या बेतात असताना परतले, जेवायला वेळ उरला नव्हता. माझ्या ओट्यावर बसून पाणी प्याले, तेही अंधार पडायच्या आत म्हणून घाईघाईनं.

"सही करतो म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "मॅडम म्हणाल्या, रद्द झालेलं परत चालू होत नाही. नवीन अर्ज करा, नवीन तपासणी. त्यांच्या हातात असतं तर त्यांनी केलं असतं, बाई. वाईट वाटलं त्यांना."

अर्ज मीच लिहून दिला. खोलीत फवारणीवाले आले, त्या दिवशी अण्णांनी उपास केला आणि दारासमोर उभे राहून सगळं पाहिलं. घरी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पाला आलेला नव्हता, खोली रिकामी होती, तरी कोपऱ्याकोपऱ्यातून किडे बाहेर येऊन उंबऱ्यावर पडत होते. अण्णांनी कागदावर सही केली. जिनेंद्रनं ती जागेवरच फाईलला लावली आणि काकांकडे न बघता दुकानात गेला.

नागुबाई कार्तिकात गेली. शेवटचे आठ-दहा दिवस ती बोलत नव्हती, नुसती डोळे उघडे ठेवून पडून असे. तिच्या सुनेला मी म्हटलं, अण्णांना बोलवू का? ती म्हणाली, "नगं. तेंच्याकडं बगून आत्या तोंड फिरवत्यात." अण्णा अंत्यविधीला आले, मागे उभे राहिले, सगळ्यांच्या आधी निघून गेले.

लायसन होळीनंतर मिळालं. आता औषध पुन्हा बनतं, लोक येतात, वास माडीवर येतो. मुदत आली की फवारणी होते. परवा अण्णा नव्या अटींचं दुसरं एक पत्र माझ्याकडून वाचून घ्यायला आले होते. मी वाचत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

"व्रत मोडायचंच होतं," ते मध्येच म्हणाले, "तर श्रावणातच मोडायचं होतं, बाई. किडे तेवढेच मेले असते."

श्रावणात ते चुकले, असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. बरोबर होते असंही नाही. मी चष्मा पुसला आणि पत्राचं राहिलेलं पान वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले, शेवटी कुठे सही करायची तेवढं विचारलं.